टाकी रिकामी, बोर्ड म्हणतो भरलेली: कोथरूडच्या एका सोसायटीतलं बोर्ड-बदलाचं प्रकरण

हे प्रकरण मे आणि जून २०२५ मधलं आहे. सोसायटीचं आणि माणसांचं नाव मुद्दाम टाळलंय. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा रविवारचा छंद आहे, पोटापाण्याचा धंदा वेगळा. या प्रकरणात जे चुकलं ते बहुतेक माझ्याच हातून चुकलं, त्यामुळे लिहायला संकोच नाही.

पार्श्वभूमी

कोथरूडमधली पाच मजली इमारत, २४ फ्लॅट. महापालिकेचं पाणी सकाळी खालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या १५,००० लिटरच्या टाकीत चढवायचं. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी हिशोब धरला तर शंभरेक माणसांना साडेतेरा हजार लिटर लागतात. म्हणजे वरची टाकी जेमतेम एक दिवस पुरते. पंप पूर्वी वॉचमनकाका हाताने लावायचे. कधी विसरायचे, मग टाकी कोरडी. कधी लावून झोपून जायचे, मग गच्चीवरून धबधबा.

त्यावर २०२३ च्या शेवटी मी एक साधी व्यवस्था बसवून दिली, प्रोग्रॅम चढवता येणाऱ्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारी. टाकीत स्टीलच्या चार सळ्या: एक कॉमन, बाकीच्या तीन पाव, अर्धी आणि पूर्ण या पातळ्यांवर. कॉमन सळीला बोर्डाचे ३.३ व्होल्ट, उरलेल्या तीन थेट बोर्डाच्या तीन पिनांना. पाणी सळीला लागलं की पाण्यातून करंट वाहतो आणि पिन हाय होते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज येतो. पाणी उतरलं की पिन मोकळी होते आणि चिपमधला पुल-डाउन (पिनेला ग्राउंडशी, म्हणजे शून्य व्होल्टशी जोडणारा रेझिस्टर) तिला खाली ओढतो. पाव सळी कोरडी पडली की रिले (बोर्डाने चालणारा छोटा स्विच) लागायचा, रिले कॉन्टॅक्टरला (मोटरचा मोठा स्विच) ओढायचा, कॉन्टॅक्टर पंपाला. पूर्ण सळी भिजली की पंप बंद. टेलिग्रामवर सेक्रेटरींना आणि मला संदेश.

बोर्ड होता रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू. आरपी२०४० चिप, २६४ केबी रॅम आणि वायफाय. प्रोग्रॅम मायक्रोपायथनमध्ये, म्हणजे अशा छोट्या बोर्डांसाठीच्या पायथन भाषेत. पॅनेलवर ऑटो-मॅन्युअल असा सिलेक्टर स्विच होता आणि पंप कोरडा चालू नये म्हणून खालच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा स्विच) होता. हे दोन्ही इलेक्ट्रिशियनने आग्रहाने बसवायला लावले. मला तेव्हा तो उगाच खर्च वाटला होता.

दीड वर्ष हे बरं चाललं. दोन दुखणी मात्र होती. सळ्यांवर कायम डीसी असल्यामुळे सहा महिन्यांत कॉमन सळी काळी पडून खड्डे पडायचे, ती बदलावी लागायची. आणि टेलिग्रामला सुरक्षित जोडणी करताना बोर्डाची मेमरी अपुरी पडायची. आठवड्यातून एखाद्या वेळी तो आपला आपण रिस्टार्ट व्हायचा. कोणाच्या लक्षातही यायचं नाही.

बोर्ड बदलायचा प्रश्न

मेच्या वळवाच्या पावसात एका संध्याकाळी कडाडून वीज झाली आणि पॅनेलचा एसएमपीएस, म्हणजे बोर्डाला वीज देणारा पुरवठा, गेला. जाताना बोर्डालाही घेऊन गेला. स्पेअर बोर्ड नव्हता. दीड वर्षात मी तो आणून ठेवला नव्हता, ही यादीतली पहिली चूक.

सोमवारी ऑफिसातून निघून तपकीर गल्ली, म्हणजे पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठली. दुकानात पिको डब्ल्यूही होता आणि पिको २ डब्ल्यूही. किमतीत शंभर-दीडशे रुपयांचा फरक. मूळ किंमत बघितली तर जुना ६ डॉलर, नवा ७. नव्यात आरपी२३५०: १५० मेगाहर्ट्झचे दोन कॉर्टेक्स-एम३३ कोअर, ५२० केबी रॅम, ४ एमबी फ्लॅश. रॅम जवळजवळ दुप्पट म्हणजे माझं मेमरीचं दुखणं गेलंच. आकार तोच, पिना त्याच. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "सेम आहे काका, पिन टू पिन." ते खरंच होतं. पिनांच्या जागांबद्दल त्याने काही चुकीचं सांगितलं नाही.

निर्णयाची पहिली जागा ही. माझ्यापुढे प्रश्न होता "जुना घ्यावा की नवा?" आणि मी त्याचं उत्तर तक्त्यातले आकडे बघून दिलं. खरा प्रश्न होता "उद्या चालू करायच्या पंपावर मी न तपासलेली चिप लावावी का?" घरच्या टेबलावर प्रयोग करायला नवा बोर्ड उत्तमच. २४ घरांच्या पाण्यावर एका रात्रीच्या तयारीने तो लावायला नको होता. दुकानात उभं असताना हे सुचलं नाही, कारण हातात नवा बोर्ड होता आणि मनात घरी जाऊन तो उघडायची घाई.

बसवणं आणि पहिली चाचणी

रात्री घरी बोर्ड लॅपटॉपला जोडला. बूटचं बटण दाबून केबल लावली की जुना बोर्ड 'आरपीआय-आरपी२' नावाची ड्राइव्ह दाखवायचा. नव्याने 'आरपी२३५०' दाखवली. मायक्रोपायथनची फाइल वेगळी लागते एवढं माहीत होतं, ती टाकली. प्रोग्रॅम जसाच्या तसा चढला, एक ओळही बदलावी लागली नाही. टेलिग्रामचे पन्नास संदेश सलग पाठवून बघितले, एकदाही अडखळला नाही. मी खूश.

मंगळवारी संध्याकाळी गच्चीवर बोर्ड बसवला. टाकी जवळपास रिकामी होती. ऑटोवर टाकल्याबरोबर पंप लागला. पाव, अर्धी, पूर्ण असे तीन एलईडी ओळीने पेटले आणि पूर्णला पंप थांबला. सेक्रेटरी शेजारी उभे होते, त्यांनी चहा पाजला.

ही चाचणी फक्त चढत्या पाण्याची होती. उतरत्या पाण्याची चाचणी घ्यायची तर टाकी रिकामी व्हायची वाट बघावी लागते, किंवा सळ्या बाहेर काढून पुसाव्या लागतात. दोन्ही कंटाळवाणं. एक स्टीलचं पातेलं, चार सळ्या आणि पाच मिनिटं, एवढ्यात सगळं उघड झालं असतं.

बिघाड

बुधवारी दिवसभर पाणी वापरलं गेलं. पॅनेल म्हणत राहिलं: पूर्ण. फोनवरही पूर्ण. पंप लागायचं कारणच नव्हतं. गुरुवारी पालिकेचं पाणी दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं, पुण्यात हा वार त्यासाठी ठरलेलाच. म्हणून मेंबरांनी बुधवारी रात्री बादल्या आणि पिंपं भरून ठेवली, टाकी आणखी उतरली. गुरुवारी सकाळी सहाला वरच्या मजल्यावरचे नळ फुस्स करून थांबले. व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला फोटो आला तो माझ्याच टेलिग्राम संदेशाचा: "टाकी: पूर्ण". खाली हात जोडलेल्या सात इमोजी.

खालच्या टाकीत पाणी होतं, त्यामुळे प्रसंग निभावला. वॉचमनकाकांनी सिलेक्टर मॅन्युअलवर टाकला, पंप चालू, पाऊण तासात पाणी. मग त्यांनी आपल्या पद्धतीने पॅनेलचा एमसीबी खाली-वर केला. बोर्ड पुन्हा सुरू झाला आणि त्या क्षणीची पातळी अचूक दाखवू लागला.

चुकीचं निदान

बंद करून चालू केल्यावर ठीक, म्हणजे हँग झालं होतं, असं सगळ्यांनी मानलं. मीही. अशा वेळी सॉफ्टवेअरकडे बोट दाखवणं सगळ्यांत सोपं असतं. त्या संध्याकाळी मी प्रोग्रॅममध्ये वॉचडॉग टाकला. प्रोग्रॅम अडकला तर चिप आपली आपण रिसेट होईल अशी सोय.

शुक्रवारी पुन्हा तेच. टाकी अर्ध्याच्या खाली, पॅनेल म्हणतंय पूर्ण. वॉचडॉग एकदाही वाजला नाही. ते बरोबरच होतं, कारण प्रोग्रॅम अडकलाच नव्हता. दर मिनिटाला इमानेइतबारे पिन वाचत होता आणि पिन जे सांगत होती तेच लिहीत होता. "प्रोग्रॅम चालू आहे आणि तरी उत्तर चूक आहे" हे वाक्य मी त्या दिवशी स्वतःशी नीट उच्चारलं असतं तर शोध तिथेच पिनेकडे वळला असता.

त्याऐवजी मी दर तासाला रिस्टार्ट लावला. आणि तो चालला! नऊ दिवस टाकी वेळेवर भरली. प्रत्येक रिस्टार्टला टेलिग्रामवर "सिस्टिम सुरू झाली" असा संदेश जायचा, दिवसाला २४. सेक्रेटरी वैतागले, तर मी तो संदेशच बंद केला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यांत वाईट काम हे. बिघाड झाकायची युक्ती केलीच होती, वर ती झाकलीय हे दाखवणारी खूणही पुसून टाकली.

हे असंच वर्षभर चाललं असतं. उघडं पाडलं ते पाचव्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांची खोली बरोबर पॅनेलच्या खाली. रविवारी सकाळी जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "अहो, तुमचं ते यंत्र रात्रभर दर तासाला खट्ट करतं, मग घुर्र करतं, मग पुन्हा खट्ट. माझी झोप गेलीय. भूत तरी असं वेळेवर येत नाही."

खट्ट म्हणजे कॉन्टॅक्टर, घुर्र म्हणजे पंप. दर रिस्टार्टला पंप तीन-चार सेकंद चालून बंद होत होता. त्याचं कारण वेगळं निघालं आणि तेही माझंच. आमचा रिले मॉड्यूल पिन लो झाली की लागणारा. मायक्रोपायथनमध्ये पिन आउटपुट म्हणून उघडताना सुरुवातीची किंमत दिली नाही तर रिस्टार्टनंतर ती शून्यावरच असते. मी ती दिली नव्हती, पिन हाय करायची ओळ वायफाय जोडल्यानंतर होती. जुन्या बोर्डावर हे आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं, आता दिवसातून २४ वेळा. मोटर सुरू होताना ओढते तो करंट चालत्या करंटाच्या कितीतरी पट असतो. कपॅसिटरवर आणि कॉन्टॅक्टरच्या पॉइंटांवर नऊ दिवस काय गुदरलं असेल, कोण जाणे.

खरं निदान

त्याच रविवारी तिसऱ्या मजल्यावरची मुलगी मल्टिमीटर घेऊन वर आली. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने प्रोग्रॅम बघितलाच नाही. म्हणाली, "काका, आधी पिनेवर काय आहे ते बघू."

टाकी तेव्हा अर्ध्याच्या खाली होती. 'पूर्ण' सळीची वायर आम्ही बोर्डापासून सोडवली. आता पिनेला बाहेरून काहीच जोडलेलं नाही, आत पुल-डाउन चालू. मीटरवर शून्य किंवा त्याच्या जवळपास यायला हवं. काळी प्रोब ग्राउंडला, लाल पिनेला: २.१४ व्होल्ट. आम्ही एकमेकांकडे बघितलं. प्रोब उचलून परत लावली. २.१४.

तिने डब्यातून ४.७ किलोओहमचा रेझिस्टर काढला आणि पिन व ग्राउंड यांच्यामध्ये नुसता टेकवला. मीटर धाडकन शून्याजवळ. रेझिस्टर काढला. मीटर शून्यावरच. पॅनेलचा 'पूर्ण' एलईडी विझलेला. मग जंपर वायरने पिनेला ३.३ व्होल्ट दाखवून काढून घेतले. पुन्हा २.१४, एलईडी पेटलेला. तीनदा केलं, तीनही वेळा तेच. पिन एकदा वर गेली की मध्येच अडकते, कोणी जोराने खाली ओढलं की खालीच राहते. वॉचमनकाकांनी एमसीबी पाडला की "बरं व्हायचं" ते यामुळेच. रिसेट झाल्यावर पिना खालूनच सुरुवात करतात.

नंतरचं शोधणं सोपं होतं, कारण हे लपलेलं नव्हतंच. आरपी२३५० ची डेटाशीट हजारावर पानांची आहे. तिच्या शेवटी एराटा, म्हणजे चिपमधल्या ज्ञात दोषांची यादी असते. त्यात ई९ या क्रमांकाखाली हेच वर्णन आहे. चिपच्या ए२ आवृत्तीत पिन इनपुट म्हणून चालू असताना तिच्यावरचा व्होल्टेज हाय आणि लोच्या मधल्या पट्ट्यात असला की पिनेतूनच थोडा करंट बाहेर झिरपतो, साधारण १२० मायक्रोअँपिअरपर्यंत. आतला पुल-डाउन असतो काही दहा हजार ओहमचा, त्याला एवढा करंट गिळवत नाही. पिन २.२ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते आणि चिप ते हाय म्हणून वाचते. उपायही तिथेच दिलाय: बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी असा पुल-डाउन लावा. गुणाकार केला की पटतं. १२० मायक्रोअँपिअर गुणिले ८.२ किलोओहम म्हणजे एक व्होल्टच्या आत.

पिको २ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि ई९ ची चर्चा छांदिष्टांमध्ये त्याच महिन्यात सुरू झाली होती. म्हणजे मी बोर्ड घेतला तेव्हा ही माहिती नऊ महिने जुनी होती. बनवणाऱ्यांनी ती छापलेली होती, मी वाचली नव्हती.

पर्याय

गच्चीवर बसूनच आम्ही पाच वाटा काढल्या.

परत पिको डब्ल्यू आणायचा. सगळ्यांत झटपट, दीड वर्षाचा अनुभव पाठीशी. मेमरीचं जुनं दुखणं परत येईल, पण ते सोसवणारं होतं. सेक्रेटरींना हाच आवडला. खरं सांगायचं तर मलाही आजतागायत वाटतं की शुक्रवारीच हे करून मोकळं व्हायला हवं होतं.

बाहेरून रेझिस्टर लावायचा. डेटाशीटमधलाच उपाय, खर्च रुपया-दोन रुपये. मुलीला शंका होती, त्या शंकेकडे खाली येतोच.

ईएसपी३२ या दुसऱ्या वायफायवाल्या बोर्डावर जायचं. माझ्या खणात एक पडून होता. पण त्याच्याही खोड्या आहेत. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आणि त्यांना आतले पुल-अप पुल-डाउन नाहीत. १२ नंबरची पिन सुरू होताना हाय असेल तर चिप फ्लॅशचा व्होल्टेज चुकीचा निवडते आणि बूटच होत नाही. तिथे भिजलेली सळी जोडली असती तर टाकी भरलेली असताना लाइट जाऊन आल्यावर बोर्ड उठलाच नसता! या खोड्या पाठ आहेत म्हणून त्या कमी वाटतात, एवढंच. पॅनेलची वायरिंग नव्याने करावी लागणार होती, म्हणून सोडला.

सळ्या काढून फ्लोट स्विच लावायचे. करंट पाण्यातून न जाता साध्या बटणासारखा संपर्क, एक टोक ग्राउंडला, आतला पुल-अप. या दोषाचा त्यात प्रश्नच येत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर टाकीत उतरून नवं पाइपिंग करायची कोणाची तयारी नव्हती.

पाचवी वाट, सळी आणि पिन यांच्यामध्ये एकेक ट्रान्झिस्टर.

रेझिस्टरचा प्रयोग

डेटाशीटमध्ये उपाय लिहिलाय तर लावून टाकू, असं मी म्हणत होतो. मुलगी म्हणाली, "तो उपाय बटणासाठी ठीक आहे काका. आपलं बटण म्हणजे पाणी आहे, त्याचा रेझिस्टन्स कोण मोजणार?"

मीटरने मोजायला गेलो तर आकडा स्थिरच होईना, चढतच जाई. पाण्यात डीसीने मोजताना सळ्यांच्या पृष्ठभागावर प्रभार साचतो, तो आकडा भरवशाचा नसतो. मग सरळ पातेलं आणलं, सळ्या त्याच अंतरावर बांधल्या आणि ८.२ किलोओहम लावून बघितलं. सोसायटीत कधीमधी येणाऱ्या टँकरचं, म्हणजे बोअरचं पाणी एका कॅनमध्ये होतं. त्यात सगळं झकास. पालिकेच्या पाण्यात मात्र पिन दोन व्होल्टच्या आत-बाहेर, एलईडी कधी पेटतोय कधी विझतोय. खडकवासल्याचं धरणाचं पाणी बोअरच्या मानाने कमी क्षारांचं, म्हणून कमी वाहक. सळीतून पाण्याचे दहा-बारा किलोओहम वर ओढतायत, रेझिस्टरचे ८.२ खाली ओढतायत आणि पिन मधल्या मधे लोंबकळतेय.

म्हणजे रेझिस्टर मोठा ठेवला तर पिन अडकते, लहान ठेवला तर पाणी दिसत नाही. टँकरच्या आठवड्यात चाचणी घेतली असती तर आम्ही हाच उपाय पक्का केला असता आणि धरणाचं पाणी आल्यावर पुन्हा फसलो असतो. कॉमन सळी ग्राउंडला घेऊन आतले पुल-अप वापरायचा विचारही झाला. पण मग पिन खाली ओढायचं काम पाण्याला करावं लागतं, आणि आठ-दहा किलोओहमच्या वर तिथेही तीच अडचण.

काय केलं

त्या रविवारीच ऑटो बंद केलं. वॉचमनकाकांना वहीत वेळा लिहून दिल्या: सकाळी सात, रात्री नऊ. आजींना झोप मिळाली. पुढचं काम घाईशिवाय झालं ते या मॅन्युअल स्विचमुळे, म्हणून इलेक्ट्रिशियनची मनातल्या मनात माफी मागितली.

आठवडाभरात मुलीने झिरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या पट्टीवर) तीन बीसी५४७ ट्रान्झिस्टर चढवले. ट्रान्झिस्टरचे तीन पाय: बेस, एमिटर, कलेक्टर. बेसला थोडा करंट मिळाला की कलेक्टर आणि एमिटर जोडले जातात. प्रत्येक सळी १० किलोओहममधून बेसला, बेस आणि एमिटरमध्ये १०० किलोओहम, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर पिनेला आणि पिनेचा आतला पुल-अप चालू. पाण्यातून शंभरेक मायक्रोअँपिअर बेसला मिळाले तरी ट्रान्झिस्टर पिनेला दणकून खाली ओढतो, झिरपणारा करंट त्याच्यापुढे काहीच नाही. सळी कोरडी झाली की ट्रान्झिस्टर बंद, पिन पुल-अपने वर जाते आणि झिरपणारा करंट उलट तिला वर जायला मदतच करतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'वॉटर लेव्हल इंडिकेटर' म्हणून जे सर्किट वर्षानुवर्षं दिसतं, तेच हे.

कॉमन सळीही आता कायम ३.३ व्होल्टवर नाही. एका पिनेने तिला मिनिटातून एकदा काही मिलिसेकंद व्होल्टेज द्यायचा, तीनही पिना वाचायच्या, परत बंद. सळ्या खराब व्हायचं जुनं दुखणं यातच निघालं.

प्रोग्रॅममध्ये चार बदल. रिलेची पिन उघडतानाच हाय. तासाचा रिस्टार्ट काढला, सुरू झाल्याचा संदेश परत चालू केला. पंप सलग ५० मिनिटांपेक्षा जास्त चालला तर बंद करून ओरडायचं, कारण सळीची वायर तुटली तर बोर्डाला टाकी कायम रिकामीच दिसणार. चौथा बदल म्हणजे दिवसा सहा तास पातळी हललीच नाही तर संदेश. हा नियम आधी असता तर बुधवारी दुपारीच फोन वाजला असता. 'पूर्ण' भिजलेली पण 'अर्धी' कोरडी अशा अशक्य जोड्या पकडायचं मी सुचवलं होतं. मुलीने दाखवून दिलं की आमच्या बिघाडात तीनही पिना एकदमच अडकलेल्या होत्या, त्यामुळे त्या नियमाला काहीच खटकलं नसतं. तरी टाकला, वायर तुटल्यावर कामाला येईल.

बसवायच्या आधी पातेल्यात चाचणी घेतली. पालिकेचं पाणी, टँकरचं पाणी आणि आजींच्या फिल्टरचं पाणी. प्रत्येकात दहा वेळा चढतं, दहा वेळा उतरतं. फिल्टरच्या पाण्यात सळ्यांना पाणी दिसेना, पण ते टाकीत येणार नाही.

निष्पत्ती

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑटो पुन्हा चालू आहे. मेमरीपायी होणारे रिस्टार्ट बंद झाले, म्हणजे नवा बोर्ड घेताना जे हवं होतं ते शेवटी मिळालं. सहा तासांचा इशारा एकदा खोटा वाजला, गणपतीत अर्धी इमारत गावाला गेली होती तेव्हा. कॉन्टॅक्टर इलेक्ट्रिशियनने उघडून बघितला, पॉइंट थोडे काळे होते, घासून परत बसवले. सोसायटीचा एकूण खर्च एसएमपीएस धरून दोन हजारांच्या आत.

जुलै २०२५ मध्ये आरपी२३५० ची ए४ आवृत्ती जाहीर झाली, तिच्यात ई९ दुरुस्त केलेला आहे. आमच्या पॅनेलमध्ये ए२ च आहे आणि तो बदलायचं कारण उरलेलं नाही. दुकानात मात्र दोन्ही आवृत्त्यांचे बोर्ड एकाच नावाने, एकाच डब्यात असू शकतात. चिपच्या पाठीवरच्या छापील क्रमांकात ए२ की ए४ ते भिंग लावून वाचता येतं. मी आता तपकीर गल्लीत खिशात भिंग घेऊनच जातो. काउंटरवरचा मुलगा हसतो.

पुन्हा करायचं झालं तर

बोर्ड गेला त्या दिवशी मॅन्युअलवर टाकून एक आठवडा घेतला असता. घाई पाण्याची नव्हती, माझी होती. आणि गुरुवारच्या दोन दिवस आधी तर पाण्याच्या कशालाच हात लावला नसता.

नवीन चिप घेताना एराटाची पानं आधी वाचली असती. सगळी कळायची गरज नसते. आपण जे वापरतो, म्हणजे इनपुट पिन, पुल-डाउन, तेवढे शब्द शोधले तरी अर्ध्या तासात होतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये पुल-डाउन हा शब्द तीनदा होता.

एका बाबतीत मुलीचं आणि माझं अजून जमत नाही. ती म्हणते, शुक्रवारी दुसऱ्यांदा बिघाड झाला तेव्हाच जुना पिको डब्ल्यू लावून नवा टेबलावर घ्यायला हवा होता. मी म्हणतो, मग ई९ सापडलाच नसता, मी "नवा बोर्ड खराब होता" म्हणून खणात टाकला असता. ती म्हणते, सोसायटीला ई९ शी काय देणंघेणं, त्यांना पाणी हवं होतं.

पॅनेलच्या दाराच्या आतून तिने एक कागद चिकटवलाय: सर्किट, बोर्डाची आवृत्ती, मायक्रोपायथनची आवृत्ती, बसवल्याची तारीख. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत स्पेअर बोर्ड टांगलेला आहे, प्रोग्रॅम चढवलेला आणि पातेल्यात तपासलेला. वॉचमनकाकांची वहीही तिथेच असते. ऑटो चालू असलं तरी ते रोज रात्री नऊला गच्चीवर जातात, झाकण उचलून टॉर्च मारतात आणि वहीत पातळी लिहितात. थांबवायला कोणी गेलेलं नाही.